वेणुकेच्या घरचा टेकू

पूर्वी कर्णिकापुरात विजयबाहू राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व घरे उतरवणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. घर पाडणे वेगळे आणि उतरवणे वेगळे. पाडायला नुसता जोर लागतो. हे लोक मात्र कौल न् कौल, वासा न् वासा हाताने सोडवीत, खुंट्यासुद्धा टोपलीत जपून ठेवीत, म्हणजे त्याच सामानातून दुसरीकडे दुसरे घर उभे राही. बोधिसत्त्व त्यांचा नायक होता. त्याचा धाकटा भाऊ सोमिल त्याच्या हाताखाली काम करी.

त्या नगराचे दिवस भरले होते. नदीने आपले पात्र बदलले आणि ती कोसभर दूर निघून गेली. घाटाच्या पायऱ्या आता कोरड्या वाळूत उतरत आणि विहिरींचे पाणी तोंडात धरवत नसे. राजाने नव्या काठावर नवे नगर वसवायला घेतले आणि हुकूम सोडला, की जुने नगर उतरवून सगळे लाकूड तिकडे आणा. राजांचे एक बरे असते, नगर सोडताना त्यांना मागे वळून बघावे लागत नाही. मागे जे उरते ते आवरायला दुसरी माणसे असतात.

अशा रीतीने त्या दोघा भावांच्या नशिबी आपलेच गाव उतरवणे आले. ज्या ओसरीवर लहानपणी गोट्या खेळले ती ओसरी, ज्या मांडवात जेवले त्या घराचे खांब, सगळे त्यांच्याच हातून सुटून गाडीत चढत होते. संध्याकाळी काम थांबले की गावात आणखी एक भोक पडलेले असे. सोमिलला ते बघवत नसे. त्याला तिथून सुटायचे होते, आणि शेवटचे घर उतरल्याशिवाय सुटका नव्हती.

या लोकांच्या कामाचे दोन नियम होते. जे शेवटी चढले ते आधी उतरवायचे, हा पहिला. आणि जो हुकूम देईल त्याने तुळई खाली येईपर्यंत तिच्याखाली, खांबाला तळवा लावून उभे राहायचे, हा दुसरा. त्यामुळे कोणी घाईत हुकूम देत नसे.

बोधिसत्त्वाने स्वतःची एक रीत त्यात घातली होती. कामाला हात लावण्याआधी तो घरच्या माणसांजवळ बसे आणि विचारी, या घरात काय काय झाले, वादळात काय मोडले, कोणी काय दुरुस्त केले. सोमिल वैतागे.

"दादा, आपण घर उतरवायला आलोय की सोयरीक जमवायला?"

"ऐकून घे रे," बोधिसत्त्व हसून म्हणे. "उद्या ह्या छपराखाली मलाच उभं राहायचंय."

असे करता करता भावांचे स्वतःचे घर सोडून सगळे नगर उतरले आणि एकच म्हातारी मागे राहिली. तिचे नाव वेणुका. तिचा नवरा वारला होता. मुलगा फार वर्षांपूर्वी, नदी अजून घाटाला लागत होती तेव्हा, नावेत बसून पोट भरायला गेला होता. त्याचा निरोप कधी आला नाही. "तो घाटावरून गेलाय, घाटावरूनच येईल," ती म्हणे. "आला आणि घर जागेवर नसलं, तर त्यानं विचारायचं कुणाला?"

तिच्या घराची तुळई सागाची, गावात सर्वांत लांब होती. राजाच्या अधिकाऱ्याला ती नव्या नगराच्या वेशीसाठी हवी होती. तो बोधिसत्त्वाला म्हणाला, "नायक, पावसाआधी ही तुळई पोहोचवा. वेशीजवळचं पहिलं घर तुमच्या भावंडांचं."

"ती बाई आत राहते आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "माणूस राहतं आहे ते घर आम्ही उतरवत नाही. लाकूड कमी पडत असेल तर माझं घर न्या."

आणि त्याने खरोखरच आपले घर उतरवले. बापाच्या हातची ती तुळई गाडीत चढताना सोमिल तोंड फिरवून उभा राहिला. पुढे ते दोघे म्हाताऱ्या वेणुकेच्याच पडवीत झोपू लागले. बोधिसत्त्वाने तिला तिच्या घराबद्दल मात्र एक शब्दही विचारला नाही. नायकाने विचारायला बसणे म्हणजे घर उतरायला सुरुवात झाली, हे गावात सर्वांना ठाऊक होते. म्हातारीच्या काळजात धस्स झाले असते. तेवढ्या मायेपोटी विचारायचे राहून गेले.

पावसाचे ढग दिसू लागले. अधिकारी आता नायकाला सोडून सोमिलला गाठू लागला. "तुझा भाऊ साधू आहे," तो म्हणे, "पण तू का उपाशी मरतोस? नायक तू हो." सोमिलने चार दिवस मान हलवली नाही. पाचव्या दिवशी हलवली.

त्या सकाळी बोधिसत्त्व म्हातारीसाठी गोडे पाणी आणायला नव्या नदीवर गेला होता. सोमिल आत आला आणि म्हणाला, "आजी, ऊठ लवकर. तुझा मुलगा आलाय. नाव घाटाला लागलीय."

म्हातारीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. मग काठी घेतली, पदर सारखा केला आणि घाटाच्या वाटेला लागली.

सोमिलने माणसे वर चढवली. रिवाजाप्रमाणे तो तुळईखाली जाऊन खांबाला तळवा लावून उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा ती जागा त्याची होती, आणि खोटे कशाला बोला, त्याही घडीला त्याला थोडा अभिमान वाटला. कौले उतरली, वासे सुटू लागले. तुळईच्या मधोमध एक टेकू होता. त्याचे लाकूड बाकीच्या घरापेक्षा पुष्कळ नवे होते. सोमिलने नियम आठवला. जे शेवटी चढले ते आधी.

"हा टेकू काढा," तो म्हणाला.

टेकू निघाला आणि वर तुळई कण्हल्यासारखी वाजली. चुन्याचा पोपडा सुटून त्याच्या खांद्यावर पडला. चुन्यामागे माती होती आणि मातीमागे तुळईला हातभर चीर होती. सोमिल खांबाला तळवा लावून वर बघतच राहिला. तेवढ्यात पाण्याची घागर दारात टाकून बोधिसत्त्व आत धावला आणि त्याने टेकूच्या जागी आपला खांदा लावला.

"सोमिल, बाहेर हो."

"दादा, मी—"

"बाहेर हो आधी. बोलू मग."

सोमिल बाहेर पडला. वरच्या माणसांनी उड्या टाकल्या आणि मागून छप्पर खाली आले.

लोकांनी लाकडे उपसली तेव्हा बोधिसत्त्वात थोडी धुगधुगी होती. भाऊ पायाशी पडून रडत होता. बोधिसत्त्वाने त्याला दोष दिला नाही. "आता म्हातारी झोपेल कुठं?" एवढेच त्याने विचारले, आणि उत्तराची वाट न बघता प्राण सोडला.

वेणुका घाटावरून परत आली. तिने घराचा ढीग पाहिला, त्याच्याजवळ ठेवलेले प्रेत पाहिले. ती प्रेताजवळ जाऊन बसली. "वादळात तुळई फाटली होती," ती हळूच म्हणाली. "आमच्या माणसानं टेकू दिला आणि मी वरून लिंपलं. विचारलं असतंत तर सांगितलं असतं, बाबांनो. असलं लाकूड राजाच्या काय कामाचं?"

अधिकाऱ्याने दुभंगलेली तुळई पायाने चाचपली आणि गाड्या वळवल्या. माणसेही त्याच्यामागे गेली. सोमिल गेला नाही. मोडक्या वाशांतून त्याने म्हातारीला एक खोपट बांधून दिले, आणि स्वतः त्याच्या बाहेर उघड्यावर राहिला. छपराखाली गेला की त्याचा जीव गुदमरे. रोज सकाळी म्हातारी त्याला म्हणे, "जा रे, घाटावर बघून ये." तो कोरड्या पायऱ्या उतरून वाळूत उभा राही आणि परत येऊन सांगे, "आज नाही आला, आजी." आपण खोटे बोललो होतो हे सांगायला त्याची जीभ कधी रेटली नाही. म्हातारी गेली, त्यानंतरही तो घाटावर जातच राहिला. नदी परत आली नाही.

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा एका पावसाळ्यात झाडाखाली बसून सांगितली. सुदंत नावाचा भिक्षू भर पावसात विहाराबाहेर राही. का, ते त्याचे त्यालाही उमगत नसे. सोबती त्याला आत बोलावून थकले होते. शेवटी शास्तेच त्याच्याजवळ चिखलात येऊन बसले.

कथा संपली तेव्हा सुदंताने विचारले, "भंते, त्या म्हातारीला कधी कळलं का?"

"पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," शास्ते म्हणाले. "कोरड्या घाटाला नाव लागत नाही, सुदंता. ज्याच्यावर असलं खोटं बोलायची पाळी आली, त्याच्याशी काय भांडायचं, म्हणून ती निघून गेली. आणि पुढे रोज घाटावर पाठवी ते मुलासाठी नव्हे. तुला सकाळी उठायला काहीतरी कारण हवं होतं."

सुदंताने तोंड झाकून घेतले.

"तेव्हाची वेणुका म्हणजे आपल्या वाटणीचा भात रोज या झाडाखाली पाठवणारी वृद्ध भिक्षुणी, थेरी पाटला. सोमिल तू होतास. घरे उतरवणाऱ्यांचा नायक मी होतो."

सुदंत उठून आत गेला नाही. शास्तेही उठले नाहीत. पाऊस दोघांवर सारखाच पडत राहिला. ज्याने आपला घात केला त्याला आधी बाहेर काढणे, आणि मग तो आत येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहणे, हीच क्षांती पारमिता, क्षमेची परिपूर्णता.