पळालेलं गिऱ्हाईक

मल्हारआबा कोळेकरांची वेबसाइट दिसायला मोठी देखणी होती. तिच्यावर डोंगर होता, मेंढरं होती, बोट लावलं की ढोल वाजायचा. फक्त तिच्यावरून घोंगडी विकली जात नव्हती.

आबा म्हणजे आटपाडीतले घोंगड्यांचे मोठे व्यापारी. तरुणपणी कुस्त्या मारलेला गडी! साइट त्यांच्या जावयाने केली होती, त्यामुळे तिच्यात खोट असणं शक्यच नव्हतं. "आजकाल लोकांना थंडीच वाजत नाही," असा निकाल आबांनी देऊन टाकला होता. विणकरांना आता काम कुठून द्यायचं, एवढीच चिंता उरली होती.

त्याच पेठेत वैजयंती पुकळे राहायची. पुण्याची नोकरी सोडून तिने घरीच स्वतःचं काम सुरू केलं होतं आणि दारावर पाटी लावली होती : 'वेबसाइट बनवून व सुधारून मिळेल.' पाटी वाचून एक जण रेडिओ घेऊन आला, एक बाई मिक्सर घेऊन आल्या. मिक्सर तिने दुरुस्त करूनही दिला. पण दिवाळीपर्यंत एक तरी खरं काम मिळालं नाही तर पुण्याला परत जायचं, असं घरी ठरलं होतं, आणि दिवाळी तर तोंडावर आलेली! शेवटी तिने आबांची साइट घरी उघडून नीट पाहिली, आणि तडक पेढीची पायरी चढली.

आबांनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिला साइटचे आकडे पाहू दिले. ते पाहून ती म्हणाली, "आबा, माणसं येतात. घोंगडी पसंत करतात, पिशवीत टाकतात आणि पैसे न देता निघून जातात."

"चोर हायत का काय?"

"नाही आबा. घोंगडीही इथंच ठेवून जातात."

आबांच्या कपाळाला आठी पडली. "म्हंजे माझ्या जावयाच्या साइटवरनं लोक पळून जात्यात, असं म्हणतीस? मग असं कर. पळालेलं एक गिऱ्हाईक माझ्यासमोर उभं कर. नावगावासकट! का पळालं ते त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगाय पायजे. आजच्या आज! आन् तू जावयाच्या कामाला एका शब्दानं नावं ठेवायची न्हाईत. ठेवलीस, की पायरी उतरायची!"

पेढीवर हिशेब लिहीत बसलेल्या दिवाणजींनी तोंड फिरवून हसू दाबलं. नाव न सांगताच पळालेल्या माणसाचं नाव ही पोरगी आणणार कुठून?

"कबूल," वैजयंती म्हणाली. "पण आधी एक घोंगडी द्या आबा. आमच्या दादांना हवी आहे."

आबांचा चेहरा लगेच उजळला. दारात आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं त्यांना जमतच नसे. "काढा रं ती काळी!"

"अशी नको. मला साइटवरूनच घ्यायची आहे. फक्त ऑर्डर तुमच्या हातानं भरा. मी भरली आणि काही अडलं, तर म्हणाल पोरीनं मुद्दाम चूक केली."

"त्यात काय अवघड हाय? आण तो मोबाइल!"

आबांनी घोंगडी पसंत केली. पिशवीत टाकली. साइट म्हणाली, आधी सभासद व्हा. आबांनी नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं भरलं. मग पासवर्ड घातला.

'पासवर्ड कमकुवत आहे.'

"कोण कमकुवत?" आबा ताठ बसले. "आमच्या वस्तादांचं नाव घातलंय! हयातीत त्यांची पाठ लागली न्हाई मातीला!"

"एक चिन्हही घालायला सांगते आहे ती," वैजयंती म्हणाली.

"चिन्ह? निवडणुकीला उभा ऱ्हायलोय का मी?"

चिन्ह घातलं. तेवढ्यात 'स्वागत! खास सवलत!' अशी भलीमोठी चौकट आडवी आली आणि ढोल वाजू लागला. तो बंद करेपर्यंत मोबाइलवर आलेल्या गुप्त आकड्याची मुदत संपली. दुसरा आकडा आला. तो भरला, तर साइट म्हणाली, 'आपण यंत्र नाही हे सिद्ध करा. सिग्नल असलेली चित्रं निवडा.'

"आमच्या पेठेत सिग्नल हाय का कुठं?" आबांच्या कानशिलाची शीर उडू लागली. "घोंगडं घ्यायला आलोय का परीक्षेला बसलोय?"

तरी त्यांनी घामाघूम होत चित्रं निवडली. पान फिरलं, फिरलं आणि थांबलं.

'नमस्कार! आपली पिशवी रिकामी आहे.'

"गेली खड्ड्यात ही साइट!" आबांनी मोबाइल गादीवर आपटला. "नको मला घोंगडी न् नको ही कटकट! दिवाणजी, बंद करा ते!"

वैजयंतीने शांतपणे हात जोडले.

"आबा, गिऱ्हाईक सापडलं."

"कुठाय?"

"समोर बसलंय. नाव मल्हारराव कोळेकर, गाव आटपाडी. घोंगडी पसंत केली, पिशवीत टाकली आणि आत्ताच पळालं. का पळालं तेही स्वतःच्या तोंडानं बोललं. दिवाणजी साक्षीला आहेत. आणि साइटला मी एका शब्दानंही नावं ठेवलेली नाहीत!"

आबांनी गादीवरचा मोबाइल उचलून तिच्या हातात दिला. मग पडेल आवाजात म्हणाले, "पण दिवाळसणाला जावई यायचाय. त्याला काय सांगू?"

"सांगा, जावईबापू, राखण अशी कडक केलीत की चोर सोडा, मालकालाही आत शिरता येत नाही! आता वैजयंती साइटला फक्त दार बसवणार आहे."

आबा आधी गालात हसले, मग गदगदा हसले, आणि शेवटी असे खो खो हसले की मागची घोंगड्यांची थप्पी कोसळून दिवाणजी तिच्याखाली गेले. साइटचं काम तिथल्या तिथे वैजयंतीला मिळालं. "पुण्याला कशाला जातीस? थांब!" असं म्हणून आबांनी पेठेतल्या झाडून सगळ्या व्यापाऱ्यांना चहाला बोलावलं आणि प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या साइटवरून खरेदी करायला बसवलं.

दिवेलागणीपर्यंत वैजयंतीच्या दारात गिऱ्हाइकांची रांग लागली होती. सगळीच्या सगळी रागाने लालबुंद!