मैना हत्तीण दरबारात उभी राहते

हत्तीखाना पाडला त्याच दिवशी मैना हत्तीण उपाशी राहिली!

उदेभान महाराजांना महालाच्या खिडकीतून तळं बघायचं होतं आणि मध्ये हत्तीखाना येत होता. "पाडा," महाराज म्हणाले, "आणि दप्तरातलं नावही खोडा."

माहूत सुभान चारा आणायला कोठीवर गेला. तिथली रीत अशी, की काहीही मागायचं तर आधी आपण कुठून आलो ते सांगायचं.

"कुठून?" कोठावळ्याने विचारलं.

"हत्तीखान्यातून."

"असं ठिकाण राज्यात नाही."

"बरं, चारा राहू द्या. दोरखंड तरी द्या."

"कुठून?"

"अहो, घसा सुकलाय. घोटभर पाणी द्या."

"आधी ठिकाण सांग."

सुभान तडक महाराजांशी जाऊन भांडला. महाराजही हट्टाला पेटले. "आमचा हुकूम फिरणार नाही. कोठीची रीतही मोडणार नाही. सूर्य मावळायच्या आत चारा मिळव, नाहीतर मैना शेजारच्या राजाला दिली."

सुभान उघड्या मैदानात मैनेच्या पायाला टेकून रडू लागला. दोघांनाही लहानाचं मोठं केलं होतं त्याच्या बहिणीने, झुंबरने.

"ऊठ बाबा," ती म्हणाली. "इथून दिवसभर हाका मारल्यास तरी कोठावळा तेच म्हणणार. हिला आधी हलव."

"कुठे?"

"चल तर खरं."

दरबाराच्या दारात पहारेकऱ्यांनी भाले आडवे धरले. मैनेने ते सोंडेने अलगद बाजूला सारले आणि ती आत जाऊन उभी राहिली. मग झुंबर कोठीवर गेली.

"कुठून?"

"दरबारातून."

कोठावळा ताडकन उभा राहिला. "बोला बाई, काय पाठवू?"

"गाडीभर ऊस, गाडीभर हिरवा चारा आणि केळीचे घड."

"एवढं? कोण पाहुणे आलेत?"

"आल्यात एक. जरा अंगाने भरल्यात."

महाराज जेवून दरबारात आले, तर गालिच्यावर मैना मजेत ऊस मोडत होती!

"हे काय?"

झुंबरने हात जोडले. "चारा मिळाला महाराज. हुकूम फिरला नाही, रीतही मोडली नाही."

"पण इथेच कशाला? दुसरी जागा नव्हती?"

"होत्या की. पण तुम्ही कुठली जागा कधी पुसाल, नेम नाही. म्हटलं, ही एक तरी तुमच्याच्याने पुसवणार नाही."

महाराजांनी झुंबरकडे बघितलं, मैनेकडे बघितलं. आणि मग महाराज असे खदखदून हसले, की मुकुट कानावर आला.

"आजपासून कोठी झुंबरच्या ताब्यात," ते म्हणाले. "आणि हत्तीखाना पुन्हा बांधा. लवकर बांधा रे, मैना सिंहासनाकडे बघतेय!"