घमेल्यातलं आतडं

“आणि घशातून पुढं अन्न कुठं जातं?” मी विचारलं.

लालासाहेब बाबा घमेल्यातली वजडी, जठर आणि आतडी, साफ करत होते. त्यांच्या पुतण्यानं नुकताच बोकड कापला होता. पोटाचं काही दुखणं असलं की आसपासच्या गावांतली माणसं बाबांकडं यायची.

“तूच सांग,” ते म्हणाले.

“खाली पडतं. वजनानं. त्यात काय एवढं?”

“बोकड मान खाली घालून चरतो. त्याचं कसं पडतं रे?”

बाबांनी आपल्या गळ्यावरून बोट खाली नेलं.

“नळी ढकलते. तुला उलटा टांगला तरी ढकलेल.”

माझा थोरला भाऊ भैरू पहाटे दवाखान्यात वारला. अपेंडिक्स फुटलं, असं डॉक्टर म्हणाले. मामा तिथंच थांबले आणि आईला सांगायला मला पुढं पाठवलं. पिशवी घेऊन एसटीतून उतरलो, पण पाय घराकडं वळेनात. बाबांच्या अंगणात शिरलो आणि हे सगळं एका दमात सांगून टाकलं. आई विचारणार, कशानं गेला. मला नीट सांगता यायला हवं होतं.

बाबांनी जठराची पिशवी उलटी केली.

“यातला आंबट रस वर आला की छाती जळते.”

“आणि अपेंडिक्स कुठाय?”

“बोकडाला नसतं. माणसाला असतं. उजवीकडं, खाली. करंगळीएवढं शेपूट.”

“काम काय त्याचं?”

“मला नाही माहीत.”

“मग एवढंसं फुटलं तर माणूस मरतो कसा?”

“आतली घाण पोटभर पसरते.” बाबांनी जठरावर पाणी ओतलं. “आधी बेंबीपाशी दुखतं. मग उजवीकडं उतरतं. लोकांना वाटतं, गॅस झाला.”

“दादालाही तेच वाटलं. सोडा प्यायला. मोठा ढेकर दिला आणि म्हणाला, गेलं बघ दुखणं.”



“तुझी आई काय करत असेल आत्ता?” बाबांनी विचारलं.

“पेज. दादाला हलकंच खायला सांगतील म्हणाली होती... बाबा, पित्त कुठं तयार होतं?”

“काळजात. डॉक्टर लिव्हर म्हणतात ते.”

“आणि भूक? ती कुठं लागते?”

बाबांनी तेही सांगितलं. मी विचारत गेलो. जुलाब का होतात, पोट गच्च का होतं, उचकी कुठून येते. एकाही प्रश्नाला बाबा वैतागले नाहीत. ऊन अंगणात वीतभर सरकलं.

मग मला घमेल्यात काहीतरी दिसलं. आतड्याचं वेटोळं आवळलं, सैल झालं, पुन्हा आवळलं.

मी बोट लावून पाहिलं. गरम होतं.

“बाबा, हे हलतंय.”

“हलणारच. सकाळचा पाला पुढं ढकलतंय.”

“पण बोकड तर मेला.”

“मेला.”

“मग कुणासाठी ढकलतंय?”

बाबांनी हात धुतले. खांद्यावरच्या पंच्यानं पुसले. कोपऱ्यात ठेवलेली माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

“त्याला अजून कुणी सांगितलं नाही.”