चढावरचं दुखणं

बैलगाड्या जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. भैरूच्या गोठ्यालगत एक जुनी पिकअप उभी असायची. गुळाच्या ढेपा घेऊन घाट चढताना तिचा दुसरा गिअर आपोआप सुटायचा. पण मेस्त्रीकडे न्यायचं म्हटलं की भैरू आधी माल उतरवायचा, तिला धुवायचा. मग ती लोण्यासारखी चालायची. रज्जाक मेस्त्री म्हणायचे, “हिला काही झालेलं नाही.”

“आता शेवटचं दाखवतो, नाहीतर भंगारात,” भैरू म्हणाला.

“मेस्त्रींना सांगत का नाहीस?” गोठ्यातल्या म्हाताऱ्या बैलाने पिकअपला विचारलं.

“रिकामी असले की दुखतच नाही रे.”

 बैलालाही सगळ्यांनी जोखड उतरवूनच तपासलं होतं.

सकाळी बैल स्वतःच पिकअपच्या मागच्या हौद्यात चढला आणि काही केल्या उतरेना. वैतागून भैरूने गाडी तशीच नेली. मेस्त्रींनी ती चालवून पाहिली, तर गॅरेजपुढच्या चढावर त्यांच्या हाताखालून गिअर सुटला.

“भैरू,” ते हळूच म्हणाले, “मी रिकाम्या गाडीलाच विचारत बसलो होतो.”

भैरू उतरून मागे आला. बैलाच्या खांद्यावर जोखडाचा जुना घट्टा होता. त्याने तिथे हात ठेवला, आणि बैलाने डोळे मिटले.