काचेवरचं कुंकू

कागदी कार्डांचे दिवस मावळत होते, तेव्हाची गोष्ट. मातीची भांडी घडवणाऱ्या शर्वाणीच्या पर्समध्ये, मऊ अंधारात, तिचं जुनं व्हिजिटिंग कार्ड आणि नवा मोबाइल शेजारी राहत.

‘छापून आल्यावर मला देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं होतं,’ कार्ड सांगे.

‘मी क्षणात हजारजणांकडे पोहोचतो,’ मोबाइल म्हणे.

प्रदर्शनाच्या सकाळी शर्वाणीने मोबाइलवर आपला क्यूआर कोड उघडला, त्यालाही देवापुढे ठेवलं आणि काचेवर हळदकुंकवाची बोटं उमटवली.

प्रदर्शनात एका बाईंनी कोड स्कॅन करून पाहिला. होईना.

‘अहो, देवापुढून थेट इकडेच आलात वाटतं!’ त्या हसल्या. शर्वाणीही हसली. प्रदर्शन आवरेपर्यंत दोघींच्या गप्पा संपल्या नाहीत.

पर्समध्ये परतल्यावर मोबाइल कुजबुजला, ‘आज मी एकाच बाईंकडे पोहोचलो.’

‘पण पोहोचलास,’ कार्ड म्हणालं.