बल्बचा पिवळेपणा

“पिवळं कोण आहे रे, विद्याधरा? मी, का बल्ब?” बुवांनी विचारलं.

बुवांच्या काविळीला उतार पडेपर्यंत स्वयंपाकात हळद घालायची नाही, असा नेम मी तेव्हा धरला होता. पेज घेऊन मठात गेले, तर हे बोलणं चाललेलं.

“बल्ब,” विद्याधर म्हणाला. तो बुवांचा शिष्य. गावात त्याचा फोटो स्टुडिओ. “जुना बल्ब आहे. त्याच्याखाली सगळंच पिवळं दिसतं.”

“डॉक्टर तर आता उपाय नाही म्हणत हात जोडून गेले.”

“त्यांनीही याच बल्बखाली पाहिलं ना!”

बुवा हसले. हसता हसता खोकले.

सप्ताहाला जमलेली माणसं बाहेर बसली होती. बुवांना त्यांचा शेवटचा निरोप घ्यायचा होता. विद्याधर मात्र सगळ्यांना सांगत सुटला होता, बुवा ठणठणीत आहेत, थांबा, फोटोच दाखवतो.

त्याने बुवांच्या मांडीवर कोरा कागद ठेवला.

“आधी कॅमेऱ्याला पांढरं कोणतं ते दाखवायचं, बुवा. मग बल्बचा पिवळेपणा तोच काढून टाकतो.”

कॅमेरा कागदावर धरला. बटण दाबलं. मग बुवांचा फोटो काढला.

आम्ही तिघांनी पाहिला. कागद पांढराशुभ्र. भिंत पांढरी. धोतर पांढरं...

बुवा पिवळे.

“काढला की रे याने बल्ब,” बुवा म्हणाले.

आता विद्याधर कॅमेऱ्यातला रंग स्वतःच्या हाताने फिरवू लागला. निळ्याकडे... आणखी निळ्याकडे. पुन्हा फोटो काढला.

“हे बघा! आता?”

खरंच, बुवा पूर्वीसारखे तजेलदार दिसत होते. माझे हात आपोआप जुळले. वाटलं, नेम फळला बाई.

बुवा फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. मग फोटोतल्या मांडीवर त्यांनी बोट ठेवलं.

“मी बरा झालो. पण कागद निळा पडला...”

विद्याधरची मान खाली गेली.

“बाहेर काय सांगू, बुवा? जीभ उचलत नाही.”

...

बुवांनी पहिला फोटो पुन्हा समोर आणायला लावला. कॅमेरा विद्याधरच्या दोन्ही हातांत नीट ठेवला.

“तू सांगितलंस, ते याने निमूट ऐकलं. आता हा सांगतो, ते तूही ऐक.”