भिंगरीची मूठभर ऊब

त्या राज्यात ऊब पिकत नसे. ती बाहेरून आणावी लागे, आणि बाहेर तर नुसता गारठा.

आणणारी होती भिंगरी. लोखंडी अंगाची, पोटात पंखा, पाठीला पत्र्याच्या पातळ फासळ्या. तिची जागा भिंतीबाहेर, उघड्यावर. गारठलेल्या वाऱ्यातही कणभर ऊब असतेच. ती पिळून काढून भिंगरी धारेच्या ओंजळीत घालायची. धार म्हणजे पाणी. ती नळ्यांतून आत शिरायची, फरशीखालून दालनोदालनी हिंडायची आणि रिकाम्या हाताने भिंगरीकडे परतायची. उन्हाळ्यात सगळं उलट. आतली धग धारेने बाहेर न्यायची आणि भिंगरीने ती भाजत्या वाऱ्यात फेकायची. आतल्यांना बारा महिने सुख. ते येतं कुठून, हे विचारायची त्यांच्यात रीत नव्हती.

ऊब काढून घेतली की वाऱ्यातला ओलावा भिंगरीच्या फासळ्यांवर गोठायचा. तिचा श्वास कोंडायचा. मग ती म्हणायची, “बये, दिलेल्यातली मूठभर परत दे गं. अंगावरचं वितळलं की पुन्हा भरभरून घे.” धार द्यायची. तेवढ्यापुरती फरशी किंचित निवायची, इतकंच.

एकदा हे निवणं राज्याचे धनी पलंगराव यांच्या चारही पायांना जाणवलं.

“आमची ऊब जाते कुणाच्या घशात?”

खिडकीवरच्या पडद्याला तेवढं बाहेरचं दिसे. तो लवून म्हणाला, “भिंगरीच्या, महाराज. पांढराशुभ्र शालू नेसून उभी आहे बया, आणि वर ऊब मागते!”

दरबार खो खो हसला. धारेला ठाऊक होतं तो शालू कसला ते. तिने तोंड उघडलं, “महाराज, बर्फ आहे तो. ती गुदमरते...”

“तू फरशीखालची. खालीच राहा. एक कणही बाहेर जाता कामा नये.”

धार खाली वळली. कशी बोलेल? तिचाही अर्धा संसार उबेत होता.

पुढच्या फेरीला भिंगरीने हात पसरला.

“हुकूम नाही गं,” धार म्हणाली.

“हुकूम? अगं, मी मेले तर तुला तरी कोण तापवणार?”

धार मान खाली घालून पुढे गेली. त्यानंतर दर फेरीला ओंजळ हलकी होत गेली. शेवटी भिंगरीचं पातं बर्फावर आपटलं, कडाडलं आणि थांबलं. धारेने हाका मारल्या. त्या पांढऱ्या ढिगातून ओ आली नाही.

आत पलंगराव गोधड्यांवर गोधड्या मागवत होते. “कामचुकार झालीय ती धार! जोरात पळवा तिला!” धार पळाली, मग चालली, मग रांगली. पलंगरावांच्या दालनाखाली तिचं अंग ताठ होऊ लागलं, फुगू लागलं. नळी फुटली. तिच्या पाठीवरची फरशी कडकडत वर उचलली गेली आणि तिच्यासोबत पलंगरावही.

पलंगरावांनी कुडकुडत वर पाहिलं. छत जवळ आलं होतं.

“पडद्या, बघितलंस? आमची उंची वाढतेय.”

“वाढतेय, महाराज,” गोठून फळीसारखा झालेला पडदा म्हणाला.